तीन वॅटची शांतता

खिडकीजवळच्या टेबलावरून आमच्या घरात जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडणात दोन्ही बाजू बोलतात. इथं माझी बायको शिवकन्या बोलली आणि मी ऐकून घेतलं. तिचं म्हणणं असं, की दिवाळीत घेतलेलं मोटारीचं शिलाई मशीन खोक्यासकट पलंगाखाली पडून आहे, ब्लाऊज शिवायला उजेड लागतो आणि अख्ख्या घरात धड उजेड फक्त त्या टेबलावर पडतो. माझं म्हणणं असं, की टेबल माझं आहे. ह्यापुढे माझ्याकडे मुद्दा नव्हता, म्हणून मी एक मुद्दा विकत घ्यायचं ठरवलं.

मी गंगाखेडला कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. नाव बन्सीधर, पण सगळी वसुंधरा कॉलनी मला ‘सर’ म्हणते, आणि रागात असली की शिवकन्याही ‘सर’च म्हणते. मला गाण्याचा कान आहे. हे मीच सांगतोय, कारण दुसरं कुणी अजून सांगितलेलं नाही. कान असून उपयोग काय? ऊसतोडीचा हंगाम लागला की आमच्या रस्त्यावरून कारखान्याकडे ट्रॅक्टरची रांग लागते आणि प्रत्येक ट्रॅक्टरच्या टपावर कपाटाएवढे स्पीकर असतात. जितका ऊस जास्त तितका आवाज मोठा, असा काहीतरी वाहतुकीचा नियम असावा. खिडकीची तावदानं थरथरतात, ताटातलं वरण थरथरतं आणि अशा वातावरणात मी पेपर तपासतो. मुलांना कमी मार्क का पडतात ह्याचा अभ्यास कुणी केलेला नाही.

अशा दिवसांत मला मोबाईलवर एक कॅनडाचे गृहस्थ भेटले. पांढरी दाढी, लोकरीची टोपी, समोर टेबल आणि टेबलावर एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर. त्याच्या डोक्यावर काचेच्या नळ्या, जुन्या रेडिओत असायचे ते व्हॉल्व्ह. नळ्या नारिंगी उजळल्या की गृहस्थ डोळे मिटायचे आणि बराच वेळ उघडायचे नाहीत. त्यांचं म्हणणं मला जेवढं कळलं ते असं, की साध्या अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पोट भरतो आणि व्हॉल्व्हचा आवाज जेवू घालतो. शिवाय टेबलाशी बसून एकट्यानं ऐकायला तीन वॅट पुष्कळ होतात. खरं ऐकणं हे गाण्यात नसतं, गाण्यामागच्या शांततेत असतं. हे वाक्य ऐकलं आणि मी त्यांचा झालो. गंगाखेडमध्ये शांतता मिळत नाही एवढं मला माहीत होतं. ती कॅनडातून मागवता येते हे माहीत नव्हतं.

मग निवड सुरू झाली. लोक मुलीचं स्थळ बघताना एवढी चौकशी करत नसतील. वॅट कमी असले तर स्पीकर थोड्या वॅटांत जास्त बोलणारा हवा. स्पीकर एका पडद्याचा घ्यावा की दोन पडद्यांचा, ह्यावर परदेशात माणसं एकमेकांशी बोलायची बंद झालेली आहेत. व्हॉल्व्ह चिनी की रशियन, पेटी लाकडाची की पत्र्याची, स्पीकर कानाच्या उंचीला की हनुवटीच्या, हे सगळं मी तोंडपाठ केलं. स्टाफरूममध्ये मी ‘मध्यसप्तकाची ऊब’ असे शब्द वापरू लागलो. भौतिकशास्त्राचे बुद्धभूषण सर डबा खाताखाता शांतपणे ऐकायचे. एकदा त्यांनी विचारलं, “पण सर, तुम्हाला ऐकायचंय काय?”

ते मी ठरवलेलं नव्हतं. “ते नंतर बघता येईल,” मी म्हणालो. भौतिकशास्त्राच्या माणसाला कलेचं काही कळत नाही, हे माझं जुनं मत त्या दिवशी पक्कं झालं.

शेजाऱ्यांपासून काही लपत नाही. समोरचा हरिओम लग्नात-वरातीत साऊंड लावतो. त्याच्या दारात ट्रॉली उभी असते आणि ट्रॉलीवर स्पीकरची भिंत उभी असते. तो आपुलकीनं आला.

“सर, मशीन घ्यायलाव म्हणं. किती वॅटचं?”

“तीन.”

“तीन हजार?”

“तीन.”

हरिओम जवळ सरकला. मग आवाज उतरवून म्हणाला, “काही अडचण हाय का, सर? संकोच करू नका. माझ्याकडं एक जुना बेस पडून हाय. नेऊन टाकतो घरी.”

कॉलनी विकास समितीचे अध्यक्ष दत्तराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. खातं सुटलं तरी बांध घालायची सवय सुटलेली नाही. ते म्हणाले, “पेनड्राइव्ह लागतो का त्याला?” नाही म्हटलं. “रेडिओ?” नाही. “रिमोट तरी?” तोही नाही. “मग लागतं काय त्यात?” शेजारच्या सुलाबाई म्हणाल्या, “काचंचं हाय म्हणतेत तर शिंक्यावर ठिवा, बाबा. मांजर लय फिरायलंय.” सगळ्या सल्ल्यांत व्यवहार्य म्हणावा असा तेवढा एकच होता आणि तोही मी मानला नाही.

खोकं आलं. खोक्यावर बाणानं ‘ही बाजू वर’ असं छापलेलं होतं, म्हणून कुरिअरवाल्यानं ते उलटं ठेवलं होतं. बाण खाली असला की माल हलत नाही, असा त्याचा अनुभव होता. तरीही सगळं शाबूत निघालं. शिवकन्येनं हळदकुंकू लावलं. नारळ मी हिसकावून घेतला म्हणून अ‍ॅम्प्लिफायर वाचला. “त्याच्या ट्रान्सफॉर्मरवर तरी फोडू द्या, लोखंडाचा हाय,” ती म्हणाली. आमच्याकडे नारळाशिवाय चालू झालेली वस्तू नीट चालली तर तो त्या वस्तूचा मोठेपणा समजतात.

रविवारी दुपारी मी निवडक मंडळींना चहाला बोलावलं. निवडक म्हणजे ज्यांनी सल्ले दिले होते ते, म्हणजे जवळजवळ कॉलनीच. मी व्हॉल्व्हवर छोटं भाषण केलं. बटण दाबलं. नळ्या हळूहळू नारिंगी झाल्या. खोलीत कौतुकाची कुजबुज झाली, आणि मग दोन्ही स्पीकरमधून एक आवाज आला.

घूंऽऽऽ.

मी गाणं लावलं. गाणं आलं, पण घूंच्या मागून आलं. आवाज कमी केला तर गाणं गेलं आणि घूं राहिली. सगळे माना डोलावत ऐकत होते. दत्तराव डोळे मिटून म्हणाले, “लय शांत वाटायलंय. तानपुरा हाय का हा?”

इथं मी खरं बोलायला हवं होतं. पण मघाशीच मी गाण्यामागच्या शांततेवर बोललो होतो. “हो,” मी म्हणालो, “तानपुरा.” मंडळी तृप्त होऊन गेली. शिवकन्या कपबशा गोळा करत होती. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “होळीपस्तोर ही घूं गेली तर टेबल तुमचं, मी पुन्हा नाव काढायची न्हाई. न्हाई गेली तर माझं मशीन टेबलावर अन् तुमचा तानपुरा कपाटावर.”

मी मान्य केलं. मान्य न करून चालण्यासारखं नव्हतंच.

पुढचे काही आठवडे मी त्या घूंच्या मागे हात धुऊन लागलो. स्पीकर सरकवले. वायरी बदलल्या. स्टॅबिलायझर आणला, तर तो मधूनमधून खटकन वाजायचा, म्हणजे तानपुऱ्याला तबल्याची साथ झाली. कॅनडाच्या गृहस्थांना लिहिलं. त्यांनी एका शब्दात उत्तर दिलं, ‘अर्थिंग’. मग मी बबलूला बोलावलं. बबलू कॉलनीचा वायरमन. त्याच्याकडे पाना आणि आत्मविश्वास अशी दोनच हत्यारं असतात. त्यानं बोर्ड उघडून तीन भोकांपैकी वरच्या मोठ्या भोकात टॉर्च मारला आणि हसला.

“हे भोक शोभेचं हाय, सर. मागं वायरच न्हाई.”

“अरे, अर्थिंगची वायर असते ना?”

“असती. पण अख्ख्या कॉलनीत कुठंच न्हाई. बिल्डरनं भोकं दिली, जमीन दिली न्हाई.”

तेव्हा मला उमगलं की आमचा फ्रीज हात लावला की चावतो, आणि शिवकन्या वॉशिंग मशीनचं झाकण लाकडी उलथन्यानं उघडते, ते का. हे आम्ही आजवर यंत्रांचा स्वभाव म्हणून सोडून दिलं होतं. बबलूनं उपाय सांगितला. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, तळाशी तांब्याची पट्टी, वर कोळसा आणि मीठ, आणि पट्टीपासून वायर घरात. विजेला जे काही नको असतं ते सगळं त्या वाटेनं जमिनीत जातं. “घूंबी जाईल. मुळासकट,” तो म्हणाला.

पण खड्डा कुठं घ्यायचा? आमच्या अंगणात बोटभर माती दिसत नाही. सगळी फरशी. ती फोडायचं नाव काढताच शिवकन्या दारात येऊन अशी उभी राहिली की बबलूनं पाना खिशात घातला. राहिली भिंतीपलीकडची मोकळी जागा. ती कॉलनीच्या बगीच्यासाठी राखीव. बगीचा म्हणजे एक लिंबाचं झाड, त्याच्या सावलीत दत्तरावांची गाडी आणि गाडीच्या सावलीत कुत्री. मी समितीकडे रीतसर अर्ज केला. समितीनं खड्ड्याचा नकाशा मागितला. नकाशा दिला तर खड्ड्याची बाजूनं दिसणारी आकृती मागितली. तीही दिली तर सभेला सभासद पुरे भरले नाहीत, आणि भरले तेव्हा चहा संपला म्हणून सभा तहकूब झाली. शेवटी दत्तरावांनी मला समोर बसवून समजावलं.

“सर, माझा विरोध न्हाई. पण तुमी खड्डा मागायलाव. उद्या कुणी विहीर मागंल. सार्वजनिक जागंवर एक बोट आत घालू दिलं की मानूस हात घालतो. मी खात्यात हेच बघत आलो.”

“पण तुमची गाडी?”

“गाडी वर हाय. तुमी खाली जायलाव.”

ठराव झाला. राखीव जागेत कुणीही, कशासाठीही, खोदकाम करू नये. ठराव वाचताना माझं नाव घेतलं नाही, फक्त सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

माणसाचा एवढा पाणउतारा झाला की तो कायदा मोडायला मोकळा होतो. दत्तरावांच्या पुतणीचं लग्न येलदरीला होतं. अख्खी कॉलनी बस करून गेली. मी पोट बिघडल्याचं सांगितलं आणि घरी राहिलो. बबलूनं भरदिवसा खड्डा घेतला, पट्टी गाडली, कोळसा-मीठ भरलं, हिरवी वायर भिंतीवरून माझ्या खिडकीत आणली. खड्ड्याच्या तोंडावर झाकण म्हणून नदीकडून आणलेला एक गोल दगड ठेवला. “लेकरू-बिकरू पाय घालंल, धोका समजला पायजे,” म्हणत त्यानं दगडाला रंग फासला. हरिओमच्या ट्रॉलीला दिलेल्यातला उरलेला, चांगला भडक शेंदरी. विजेच्या भाषेत तो रंग धोक्याचाच. आमच्या गावाच्या भाषेत लिंबाखालच्या शेंदरी दगडाचा अर्थ काय होतो, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. बबलू खड्ड्याच्या तंद्रीत होता आणि मी शांततेच्या.

जाताना तो बजावून गेला, “रोज सकाळी पानी घाला. चिमूटभर मीठ टाका. अन् एकाच जागी ओतू नका, चारी बाजूनं सारखं मुरलं पायजे.”

मी सांगितल्याबरहुकूम केलं. आंघोळ झाली की ओल्या पंचावर तसाच बाहेर यायचो. बादली शिवकन्येनं दिली नाही, म्हणून देवघराजवळचा तांब्या घ्यायचो. चारी बाजूंनी सारखं मुरावं म्हणून दगडाभोवती फिरत फिरत पाणी सोडायचो, मीठ टाकायचो. आणि तोंडानं पुटपुटायचो. पुटपुटत होतो दत्तरावांना, पण ते ओठांवरून कळत नाही.

सुलाबाई पहाटे मंदिरातून येताना दोन-तीन दिवस कोपऱ्यावर थबकून गेल्या. चौथ्या दिवशी पाहतो तर दगडावर जास्वंदीचं फूल. मी ते बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू होतं आणि सुलाबाई पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या.

“सर, तुमी सांगितलं न्हाई, पण मी वळखलं. माझा गुडगा कालपासून दुखायचा ऱ्हायला.”

“सुलाबाई, हे तसलं काही नाही. हे अर्थिंग आहे.”

“असंल बाबा. नाव तुमाला ठाव.”

त्या कळशीभर पाणी ओतून गेल्या. मग मागच्या घरातल्या सुकेशनीताई आल्या, मग लांबच्या गल्लीतल्या बायका. जवळच्या रानात मेंढरं बसवलेले रायभान जाताजाता भंडारा उधळून गेले आणि कोणता देव म्हणून विचारलं. कुणाला सांगता आलं नाही. काहीजणींचं मत म्हसोबा पडलं, काहींचं मारुती. माझ्या खिडकीत गेलेल्या हिरव्या वायरीकडे बोट दाखवून एकमेकींना कौतुकानं काय सांगत होत्या ते मी ऐकायचं टाळलं.

शेवटी दत्तराव आले. समितीचा ठराव मोडलेला, पुरावा उघड्यावर, वायर माझ्या घरात. मी दारात उभा राहून कबुलीजबाबाची जुळवाजुळव करत होतो. दत्तराव दगडासमोर थांबले. इकडंतिकडं पाहिलं. आणि चप्पल काढली.

चप्पल काढलेल्या माणसाला खरं सांगणं फार जड जातं. शिवाय हिशेब सरळ होता. अर्थिंग आहे म्हणालो तर ते बेकायदा, आणि संध्याकाळपर्यंत उखडलं जाईल. तसं म्हणालो नाही तर त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. होळी तोंडावर आलेली. आणि मुख्य म्हणजे, घूं कमी झाली होती. जसजसं बायका पाणी घालत होत्या तसतशी ती विरत चालली होती.

“सर, ही वायर?” दत्तरावांनी हात जोडलेलेच ठेवून विचारलं.

“संबंध आहे,” मी म्हणालो. “घराशी.”

“समजलं,” ते म्हणाले. त्यांना नेमकं काय समजलं ते मी विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडी लिंबाखालून हलवली. तोवर मला त्या गाडीला मुळं फुटलेली आहेत असंच वाटत होतं.

अठ्ठावीस फेब्रुवारीला कॉलेजात विज्ञान दिन होता. वैज्ञानिक दृष्टिकोनावर दरवर्षी मीच बोलतो. सकाळी दगडाभोवती पाणी घालून गेलो आणि अंधश्रद्धेवर तडाखेबंद बोललो. टाळ्या पडल्या. बुद्धभूषण सर तेवढे टाळी न वाजवता माझ्या कपाळाकडे बघत होते. सुलाबाईंनी सकाळी लावलेलं कुंकू पुसायचं राहून गेलं होतं.

“सांगून टाका लोकांला,” शिवकन्या म्हणाली. “उगं कशाला झुलवायलाव?”

“सांगतो. होळी होऊ दे.”

“होळीपस्तोर देव, मग कोळसा-मीठ. चांगलं हाय तुमचं.”

ती बोलली ते मला लागलं. पण त्याच रविवारी दुपारी मी अ‍ॅम्प्लिफायर लावला आणि स्पीकरमधून काहीही आलं नाही. घूं नाही, खरखर नाही, काही नाही. मला वाटलं बंद पडला. मग गाणं सुरू केलं, एका बाईंची जुनी ठुमरी. बाई जणू टेबलापलीकडे बसून गात होत्या. दोन ओळींमध्ये त्या थांबल्या की खोलीत नुसती मोकळी जागा राहायची. रस्त्यावर तेव्हा ट्रॅक्टरही नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं बोलून मिळवलेली असली तरी ती शांतताच होती आणि मला ती फार आवडली. शिवकन्या दारात उभी राहून ऐकत होती. “गेली की वो घूं,” ती म्हणाली, आणि पलंगाखालचं खोकं पायानं आणखी आत सरकवलं.

हे सुख पुढच्या मंगळवारपर्यंत टिकलं. मंगळवारी देवाची पहिली आरती ठरली. लिंबाखाली पत्र्याचं शेड उभं राहिलं. बगीच्याच्या जागेत खोदकामाला बंदी असली तरी देवस्थानाच्या खांबांसाठी खोदणं हे खोदकाम नव्हे, असा नवा ठराव एकमतानं झाला, नकाशाशिवाय. देवाच्या नावावर एकमत होईना म्हणून फ्लेक्सवर नुसतं ‘जागृत देवस्थान’ छापलं आणि खाली समितीचे सगळे फोटो. मधोमध माझा. आणि हरिओमनं, देवाचं काम म्हणून, आपली ट्रॉलीवरची अख्खी भिंत मोफत दिली. एक कर्णा लिंबाला बांधला. कर्ण्याचं तोंड बरोबर माझ्या खिडकीत.

“सर, तीन वॅटवर किती दिवस काढनार?” तो प्रेमानं म्हणाला. “आता बसल्या जागी ऐका.”

सत्याचा उमाळा मला त्या कर्ण्याबरोबर आला, त्याच्या आधी नाही. देव गप्प होता तोवर मीही गप्प होतो. आरती झाली, पेढे वाटले गेले, ‘सरांनी दोन शब्द बोलावेत’ असा आग्रह झाला आणि माझ्या हातात माईक आला. समोर सगळी कॉलनी. मी रागानं थरथरत होतो, लोकांना ती भक्ती वाटली.

“हा देव नाही,” मी म्हणालो. ते कारखान्यापर्यंत ऐकू गेलं असावं. “हे अर्थिंग आहे. खाली कोळसा आहे, मीठ आहे आणि तांब्याची पट्टी आहे. परवानगी नव्हती म्हणून मी लपवलं. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून घूं येत होती, ती जावी म्हणून मी हे केलं. तानपुरा नव्हता तो. मी खोटं बोललो. रंग बबलूनं दिला. कृपा करून हे सगळं बंद करा.”

शांतता पसरली. खरी, मोठ्या गर्दीची शांतता. आता दगड येणार, असं मला वाटलं, आणि एक तर समोरच तयार होता. पण दत्तराव उठले आणि त्यांनी माझ्या हातातून माईक घेतला.

“सर, म्हंजे ह्याच्यामुळं तुमच्या घरात शॉक बसत न्हाई?”

“नाही बसत.”

“फ्रीजचा?”

“नाही.”

“कपडे धुवायच्या मशीनचा? बोरच्या मोटारीचा?” सुकेशनीताई मागून ओरडल्या.

“कशाचाच नाही. पण मुद्दा तो नाही—”

पण मुद्दा तोच होता. गर्दीत खळबळ उडाली. त्या खळबळीतून सुलाबाई पुढं आल्या, दगडावरचं फूल नीट केलं आणि माझ्याकडे वळून जरा रागानंच म्हणाल्या, “तुमी शिकलेले लोकं नुस्तं नावावर अडून बसता. देव दुसरं काय करतो? मानसाला तकलीफ होऊ देत न्हाई. तेच तर हे करायलंय.”

ह्याला अर्थशास्त्रात उत्तर नाही. बहुधा भौतिकशास्त्रातही नसावं, कारण मी दुसऱ्या दिवशी बुद्धभूषण सरांना विचारलं तर ते डबा तसाच ठेवून बराच वेळ हसत राहिले.

ठराव तिथल्या तिथं झाला. सरांनी एवढ्या कष्टानं आणलेल्या सोयीपासून कॉलनीतलं एकही घर वंचित राहू नये. बबलूला श्वास घ्यायला फुरसत राहिली नाही. लिंबावरून, भिंतींवरून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून हिरव्या वायरी निघाल्या आणि सगळ्या त्या एका दगडाखाली गेल्या. दत्तरावांच्या बोरची मोटार, सुकेशनीताईंचा मिक्सर, सुलाबाईंच्या सुनेची पिठाची गिरणी, हरिओमची अख्खी भिंत. आता माझाच काय, कुणाचाच फ्रीज चावत नव्हता. लोक मला रस्त्यात थांबवून नमस्कार करू लागले. काही जण त्यासाठी चप्पलही काढत होते.

मी घरी येऊन अ‍ॅम्प्लिफायर लावला. नळ्या उजळल्या. डावीकडच्या स्पीकरमधून दत्तरावांच्या बोरला पाणी आलं. उजवीकडून सुकेशनीताईंनी शेंगदाण्याचं कूट केलं. मधूनच पिठाची गिरणी सुरू झाली आणि तिच्यात कुठंतरी खोलवर ठुमरीवाल्या बाई अडकल्यासारख्या ऐकू येत होत्या. मी कॅनडाला लिहिलं. त्यांनी विचारलं, ह्या अर्थिंगवर तुमच्याशिवाय आणखी किती जण आहेत? मी बबलूला म्हणालो, माझी एकट्याची वायर वेगळी करता येईल का. तो म्हणाला, “करता येईल की, सर. दुसरा खड्डा घ्या. समितीकडं अर्ज करा.”

होळीच्या सकाळी शिवकन्येनं पलंगाखालून खोकं ओढलं. मीच मशीन उचलून टेबलावर ठेवलं, पेपरांचा गठ्ठा खाली घेतला आणि अ‍ॅम्प्लिफायर नि स्पीकर कपाटावर चढवले. तिला माझी दया आली असावी, कारण ती म्हणाली, “राहू द्या चालू. तुमचं तुमी ऐका, माझं मी शिवते.” मी खाली सतरंजीवर बसलो, ठुमरी लावली. तिनं देवस्थानाच्या पडद्याचं भगवं कापड सुईखाली सरकवलं आणि पायाखालचा पायटा दाबला.

कपाटावरच्या दोन्ही स्पीकरमधून शिलाई सुरू झाली. तिनं पायटा सोडला की थांबायची, दाबला की पुन्हा यायची. मधे ती मान वर करून आपुलकीनं म्हणाली, “नीट ऐकू यायलंय ना?”

“लय साफ यायलंय,” मी म्हणालो. ते खोटं नव्हतं. ती दोरा तोडायला थांबली की तेसुद्धा कळत होतं.